समासातली पेन्सिल

नाशिकरोडच्या छापखान्यात अठ्ठावीस वर्षं
आपण जोडीनं वाचलं, शांतवन:
तू मोठ्यानं, मी बोट ठेवून.
एक काना चुकला तरी
अख्खा गठ्ठा भट्टीत जायचा.

आता जेल रोडवर, तुझ्या गच्चीत
तेच काम, बिनपगारी.
तुझी मराठी डावीकडून येते,
माझी हिब्रू उजवीकडून,
आणि दोघी एकाच शब्दावर थडकतात.

तू वाचतोस, ‘कुमारी’.
मी म्हणतो, थांब. मुळात ‘अल्मा’ आहे. तरुणी.
संदेष्ट्यानं बोट दाखवलं तेव्हा
तिथंच उभी असेल, घाबरट राजासमोर,
पोटातलं मूल त्याच वर्षाचं.
तू हसतोस: हानोखभाऊ, खूण म्हणायची,
तर तरुणीला मूल होण्यात नवल काय?

याला माझ्याकडे उत्तर आहे.
घाईत सापडत नाही.

पुढं तो सेवक. मार खाणारा, मुका.
तू त्याचं नाव घेतोस, एकच.
मी म्हणतो, ती माझी माणसं आहेत, सगळी.
नावं घेऊ लागलो तर
गंगेवर दिवे लागतील, यादी संपायची नाही.
तू चष्मा पुसतोस.
बराच वेळ पुसतोस.

जिना चढून माहेरी आलेली तुझी धाकटी येते,
सातवा महिना, एका हातात द्राक्षांची चाळणी,
दुसरा कमरेवर.
‘अजून त्याच ओळीवर?’

गच्चीत खुर्च्या दोनच.
आपण दोघंही एकदम उठतो.
पेन्सिल घरंगळत जाते,
कुणी उचलत नाही.