सवदैति

उद्यमबागेत, तिसऱ्या रेल्वे गेटापलीकडच्या शेडमध्ये
पहिल्या दिवशी कानावर पडलेला शब्द : सवदैति.
बसलिंगमामा बुश उजेडाकडं धरून बोलले,
कुणालाच उद्देशून नाही.
मी नंदगडचा. कन्नड कानाला होतं, जिभेला नव्हतं.
मला वाटलं म्हणतायत, सवय झालीय.
मी मान डोलावली.
आठवडाभर डोलावत होतो.

शनिवारी, पगाराच्या आधी,
त्यांनी माझा अंगठा धरून बुशाच्या आतून फिरवला.
एका बाजूला कड लागली, पापडासारखी.
"झिजलंय. तुमच्यात झिजलंय म्हणतात,
आमच्यात सवदैति.
आणि तू सवय सवय काय करूलायस बे?"

मग निळं.
शाफ्टला बोटानं निळं लावायचं, इतकं पुसट
की लावलं का नाही असा आपलाच संशय यावा.
बुशात ठेवून एक फेरा, उचलून बघायचं,
उमटलं तिथं उंचवटा.
जुन्या कानशीचा केलेला त्रिधारी स्क्रेपर,
दुधाच्या पातेल्याची खरवड काढावी तसा हलका.
पुन्हा निळं. पुन्हा खरवड.
दुपारपर्यंत ठिपके दाटत गेले,
परातीत जोंधळे पसरावेत तसे.
मी घासतच होतो, मला आरसा करायचा होता.
मामांनी मनगट धरलं :
"एवढं गुळगुळीत केलंस तर तेलानं बसायचं कुठं?"

ते इंजिन सांबऱ्याच्या एका गुऱ्हाळाचं.
तीन इंची शाफ्ट, तीन थाऊची फट,
त्या फटीत सगळी विद्या.
चालू करायच्या आधी मामा हात वर करायचे, थांब.
कुपीतून तेल, थेंब थेंब,
शाफ्ट हातानंच दोन फेरे.
"फिरायला लागला की तो तेलावर चढतो.
मग धातू धातूला शिवत नाही.
दिवसभर पळू दे, केसाएवढं जायचं नाही.
झिजतं ते उठताना.
आणि बसताना."

पहिले आठ तास रिकामंच पळवलं.
खालून तेल सोडलं तर त्यात चांदीचा कोंडा.
माझ्या पोटात गोळा आला.
त्यांनी दोन बोटांत चोळून बघितलं, हुंगलं,
लेंग्याला पुसलं :
"करपलेलं नाही. ही चांगली झीज.
नवीन आहेत दोघं, अंगवळणी पडूलेत."
म्हणजे पहिल्या आठवड्यातली माझी चूक
अगदीच चूक नव्हती तर.
हे मी त्यांना सांगितलं नाही.
कन्नडमध्ये कसं सांगायचं ते सुचेना,
आणि मराठीत सांगितलं असतं तर ते हसले असते.

त्यानंतर शेडच्या दारावरची पाटी तीनदा रंगवली,
अक्षरं वर गेली, खाली आली, लहान झाली.
एकदा दोन दिवस शटर खाली होतं.
आत आम्ही स्टोव्हवर चहा केला
आणि लेथच्या गिअरांना ग्रीस भरलं,
असल्या दिवसात दुसरं काय करायचं.

परवा मामांकडं गेलो होतो, अनगोळला.
डॉक्टर म्हणाले, गुडघ्यातलं वंगण संपलंय.
त्यांनी एक्स-रे खिडकीशी धरला,
बुश धरायचे तसाच, एक डोळा मिटून.
"फट किती, विचारलं तर सांगता येईना त्याला.
फिलर गेज नाही म्हणे त्यांच्यात."
आणि मग माझ्याकडं न बघता, हाडाकडं बघत :
"सवदैति."

निघताना गल्लीच्या तोंडापर्यंत येतो म्हणाले.
मी हात पुढं केला. त्यांनी हात वर केला, थांब.
खुर्चीवर बसूनच पाय अधांतरी हलवला,
एक फेरा, दोन फेरे,
मग उठले.
पहिल्या पावलाला आवाज आला, कट,
मला दारापर्यंत ऐकू आला.
दुसऱ्यालाही.
चौथ्या पावलाला गेला.