दोन सेलवाला

मी शाखा डाकपाल. आमच्या गावात
पत्त्याला आकडा नसतो.
बरडीच्या खाली, बिब्याजवळ,
दारात उलटं टिपाड आहे ते घर,
एवढ्यावर रजिस्टर पोचतं.
म्हणून आचल जेव्हा म्हणाली,
आई, एक खेळ आहे, नुसत्या आकड्यांवरून
कोणीतरी लपवलेला डबा शोधायचा,
त्यातलं एक घ्यायचं, आपलं एक ठेवायचं,
वहीत नाव लिहून झाकण लावायचं,
तेव्हा मी शिक्क्याची शाई पुसत विचारलं,
आणि पिनकोड?

मोबाइल चालला नाही.
नाल्यात उतरलो की नकाशा पांढरा पडायचा
आणि ज्याच्या हातात तो,
तो तिसऱ्या मिनिटाला व्हिडिओ पाहत बसलेला.
बहुतेकदा देवानंदच.

यवतमाळात मोजणीच्या सामानाचं दुकान आहे,
टेप, साखळ्या, लाल-पांढरे दांडे.
मुंधडाशेठनी तीन यंत्रं काचेवर मांडली.
पहिलं रंगीत, बोटानं सरकवायचं,
त्यात समुद्राची भरती कळते.
"यवतमाळात?" मी म्हटलं.
ते म्हणाले, माहीत असलेलं बरं.
दुसरं चार्जिंगचं. आणि आमची लाईन
पाहुण्यासारखी, आली तर जेवून जाते.
तिसरं जाड, पिवळं, साबणाच्या वडीएवढं,
पाच बटणं, मागे दोन सेल,
भिंतीवरच्या घड्याळात लागतात तेच.
पडद्यावर एक बाण आणि एक अंतर.
"याच्यात काहीच नाही," शेठ म्हणाले,
जरा लाजूनच.

नैतिक सात वर्षांचा.
"हे दाबलं त काय होते?"
खूण होते.
"अन् हे?"
खुणेकडे नेतं.
"मंग बाकीचे काहून आहेत?"

स्लॅबखाली उपग्रह सापडेनात.
बाहेर न्यायचं तर काहीतरी ठेवून जा, शेठ म्हणाले.
मी देवानंदला स्टुलावर ठेवला.
रसवंतीपाशी उन्हात उभ्या राहिलो आम्ही मायलेकी,
नैतिक मोजत होता, एक लागला, दोन लागले,
चौथा लागायला इतका वेळ
की रसवाल्यानं न सांगता ग्लास भरले.
खूण केली. बस स्टँडपर्यंत गेलो,
तीन वळणं उगाच घेतली,
मग त्याला म्हटलं, ने.
तो वाटेकडे न बघता बाणाकडे बघत निघाला,
एका सायकलला धडकला,
आणि रसवंतीच्या चार मीटर अलीकडे
रडकुंडीला येऊन थांबला,
"आता बाण गोल फिरते!"
इथून पुढे डोळे, मी म्हटलं.
त्यानं मान वर केली. समोर रस.

पिवळंच घेतलं. देवानंदला सोडवून आणलं.

आमचा डबा सोनपापडीचा, रिकामा.
पांदणीच्या टोकाला, अंजनाच्या ढोलीत ठेवला.
आत वही, पेन्सिल, दोन गोट्या,
शिक्का न लागलेलं एक जुनं तिकीट.
आकडे मी डाकघराच्या फळ्यावर लिहिले
व्याजदरांच्या खाली.
तिघांनी विचारलं, मॅडम, ही कोणती योजना?

महिनाभर कोणी गेलं नाही.
आम्हीच जायचो, दर रविवारी,
आपलाच डबा आपणच शोधायचो,
नैतिकला प्रत्येक वेळी आश्चर्य वाटायचं.

मग एकदा झाकण तिरपं होतं.
एक गोटी कमी. पळसाच्या पानात
दोन बोरं, पान अजून हिरवं.
वहीत तिरकी अक्षरं:

सोनबा आत्राम. मशीन नाही.
शेळी शोधत आलो, डबा सापडला.
शेळी नाही.

येताना पाहिली होती आम्ही,
एका कानाची पांढरी, कोणाच्या तरी तुरीत.
नैतिक यंत्र घेऊन धावला, बटण दाबून आला,
आणि आचलनं लिहिलं, शेळी आहे.
उगवतीकडे, तीनशे दहा मीटर.
त्याच्याजवळ मशीन नाही, मी म्हटलं.
तिनं पेन्सिल चघळली, आकडा खोडला:

पांदणीनं परत, डावीकडचा धुरा,
बंद पडलेल्या इंजिनाला बांधली आहे.
तूर थोडी खाल्ली.
कोणाची ते लिहीत नाही.