मागची बाजू

खवले मांजर पुन्हा भेटलं
ते वाशीला, दातांच्या डॉक्टरकडे,
एका पतपेढीच्या जुन्या कॅलेंडरवर.
तोंडात कापूस होता,
म्हणून ओरडता आलं नाही.

तेच. वारुळावर वाकलेलं, पुढचा एक पंजा अधांतरी,
शेपटीच्या टोकाला एक खवला कमी.
फक्त तोंड उजवीकडे.
आमचं डावीकडे बघायचं.

आमचं म्हणजे मी चौथीत होते तेव्हाचं.
कॉमिकच्या शेवटून दुसऱ्या पानावर
दर महिन्याला एक जनावर यायचं,
खाली बारीक अक्षरात चित्रकाराचं नाव,
जे मी कधी वाचलं नाही.
'आपले प्राणी' या वहीसाठी
आईच्या शिवणाच्या कात्रीने कापलं,
शेपटीच्या कडेकडेने, श्वास धरून.

पानाच्या मागे श्रीरंगच्या गोष्टीचा शेवट होता.
दीपगृहात अडकलेला मुलगा, भरती, तुटकी शिडी.
अंक त्याच्या हाती आला
तेव्हा दीपगृहाच्या जागी
खवले मांजराएवढं भोक.
त्या भोकातून त्याने माझ्याकडे पाहिलं.
दोन दिवस बोलला नाही.
वही बाईंनी प्रदर्शनासाठी ठेवून घेतली,
ती ठेवूनच घेतली.

निवृत्तीनंतर लोक गुडघ्यांना तेल चोळतात.
मी मांजर शोधायला लागले.

उथळसरच्या शाळेत तक्त्यावर होतं,
'उपयुक्त प्राणी', गाय आणि मधमाशीच्या मध्ये.
ऐरोलीला भुयारी मार्गाच्या भिंतीवर,
रोहित पक्ष्यांच्या पायांत.
तिथे खवले मोजत होते,
नव्वदच्या पुढे रिक्षांनी मोजू दिलं नाही.
उदबत्तीच्या एका पुड्यावर तर चक्क हिरवं.
सगळीकडे तोंड उजवीकडे,
सगळीकडे नावाच्या जागी गवत.

वागळे इस्टेटमधले कुडतरकर, वय ब्याऐंशी,
छापखान्यात प्लेटा लावायचे.
म्हणाले, "फिल्म पालथी लागली, बाई.
माणूस असता तर कळलं असतं,
शर्टाची बटणं उलट्या बाजूला दिसतात.
जनावराला कुठली बटणं?"
आणि नाव?
त्यांनी चहा बशीत ओतला.
"उलटं नाव कसं छापणार?
ब्लेडने खरवडलं मीच. वर गवत काढलं.
गवत मला बरं जमायचं."
चित्रकार आठवत नाही.
सायकलवरून यायचे, टोपी घालून.
बिल मागितलं की मालक म्हणायचे, पुढच्या महिन्यात.

शेवटी चरईत, वेलजीभाईंच्या रद्दीत,
प्राप्तिकराच्या जाडजूड पुस्तकांखाली
अख्खा अंक.
कडा वाळवीने खाल्लेल्या,
आत मांजर असूनसुद्धा.

डावीकडे बघत होतं.
खाली नाव: ग. वि. आंबेरकर.
मी मोठ्याने वाचलं.
"कोण?" वेलजीभाईंनी विचारलं.
मी पुन्हा वाचलं.

तिथूनच श्रीरंगला फोन लावला, खारघरला.
"पान उलटू?"
पलीकडे कुकरची शिट्टी.
"थांब," म्हणाला.
बहुतेक गॅस बंद केला.
मग म्हणाला, "मुलींना मी सांगून बसलोय
की तो पोहत आला. आता बघ."

उलटलं.
भरती होती. शिडी होती.
मुलगा शेवटच्या पायरीवर, एक पाय हवेत,
आणि खाली चौकटीत: पुढील अंकी.

पुढचा अंक?
वेलजीभाईंनी ढिगाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
"ते तर बंद पडलं ना, तेव्हाच."

फोनमध्ये श्रीरंग इतका वेळ गप्प
की मला वाटलं, पुन्हा दोन दिवस.
मग म्हणाला,
"म्हणजे रुसलो ते फुकटच की गं."

वेलजीभाईंनी अंक काट्यावर ठेवला.
काटा हललासुद्धा नाही.
"रद्दीच्या भावाने काहीच होत नाही," म्हणाले,
"पण जनावर आहे आत.
पन्नास द्या."