मढवी गेले

महापेला आमच्या ऑफिसात
कुणी कुणाला नाही म्हणत नाही.
'आय हिअर यू' म्हणतात,
म्हणजे ऐकलं, आता उठा.
'इंटरेस्टिंग' म्हणतात,
म्हणजे ती फाइल पुन्हा उघडली जाणार नाही.
'विथ ड्यू रिस्पेक्ट' आलं की
मी खुर्ची जरा मागे सरकवून घेते.
संडासाला रेस्टरूम. तिथे
सफाईच्या मंजुळामावशींखेरीज
कुणाला विसावलेलं पाहिलं नाही,
त्या बादली पालथी घालून बसतात.

सात वर्षं मी ही भाषा लिहिते आहे.
एचआरमध्ये दुसरं फारसं काम नसतं.

शुक्रवारी साडेचारला
दिनानाथ मढवी समोर येऊन बसले.
डिस्पॅचचे. घणसोली गावातले. एकोणीस वर्षं.
अंगठ्याला स्टॅम्पपॅडची जांभळी शाई.
मी कागद फिरवून त्यांच्याकडे केला:
वी आर लेटिंग यू गो.
जणू इतकी वर्षं ते दाराशी धडपडत होते
आणि आम्हीच बाही धरून ठेवली होती.

त्यांनी ओळीखालून बोट नेलं.
'गो म्हंजे कुठं जायाचं?'
मी म्हटलं, ट्रान्झिशन.
म्हटलं, नव्या संधी.
कंपनी तुमची ऋणी आहे, हे मराठीत म्हटलं
आणि म्हणताक्षणी कान तापले.
शेवटी तेच म्हणाले,
माझीच कीव आल्यासारखे,
'म्हंजे नारल दिला.'

हो, नारळ.
झाकायला आपल्याकडेही कापड आहेच.
आई रिकामा डबा दाखवून
'तांदूळ वाढलेत' सांगते.
काकूच्या हातातल्या बांगड्या फुटल्या नव्हत्या,
वाढवल्या होत्या.
निघताना कुणी जाते म्हणत नाही, येते म्हणते.
पण तिथे धास्ती असते,
की शब्द उच्चारला तर घडेल.
आमच्या कागदाला धास्ती
एवढीच, की वकील वाचेल.
असं मला रिक्षात, विटाव्यापाशी वाटलं.
नक्की माहीत नाही.
कदाचित मी माझीच समजूत घालत होते.

सोमवारी गेटवरच्या वॉचमनने पिशवी दिली.
आत नारळ, शेंडी राखलेला.
चिठ्ठी नाही.

घरी, कळव्याला,
आईने तो कानाशी धरून हलवला.
'पाणी आहे छान. कुणाकडून आला?'
'मढवींच्या घरून. ऑफिसातले. ते...'
काढलं, हा शब्द जिभेवर होता.
एवढासा, साधा, आईला कळणारा.
'ते गेले,' मी म्हणाले.

आईने गॅस बारीक केला.
'अगं बाई. कधी?'
'शुक्रवारी. साडेचारला.'
'आजारी होते?'
'नाही. अचानक.'
'आणि सुतकातला नारळ तू घरात आणलास?'

तिने तो उचलून बाल्कनीत
तुळशीपासून लांब, कोरफडीच्या कुंडीमागे ठेवला.
हात धुतले.
मी काही दुरुस्त केलं नाही.

आज चौथा दिवस. नारळ तिथेच आहे.
रविवारी घणसोलीला समाचाराला जाऊन येऊ, म्हणते आई,
त्यांच्या बायकोला जरा बरं वाटेल.
तू नुसती शेजारी बस, म्हणते,
मी बोलेन.
अशा वेळी काय बोलायचं असतं
ते तिला सगळं येतं.