बद्द

उद्यमनगरात एकतीस वर्षं
कास्टिंग तपासलं मी.
हातोडीचा हलका टोला –
खणखणलं तर पास,
बद्द वाजलं
की समजायचं, आत कुठंतरी चीर आहे.

इथं, कळंब्याकडच्या या वृद्धाश्रमात
हातोडी नाही. बोटाची पेरं आहेत.
संडासातला कठडा बद्द वाजतो.
कॉटजवळची बेल
वाजतच नाही.

परवा तपासणीला साहेब आले.
चादरी नव्या, आमटीत डाळ,
सरनोबत मास्तर उताणे निजवलेले,
पाठीची जखम पाठीखाली.
रजिस्टरात दर दोन तासांनी कूस बदललेली.
रात्री दोनची सही
संध्याकाळी सातलाच वाळलेली.
साहेबांनी चहा घेतला.
पास.

रात्री ड्यूटीला मेहरुन.
बावीस कॉटा आणि ती एकटी.
मास्तरांना वळवताना मला म्हणाली,
"आबा, तिकडनं जरा धरा की."
धरलं.
खांद्याचं हाड हाताला लागलं,
सवयीनं बोट उचललं वाजवायला
आणि तसंच खाली घेतलं.
मास्तर कण्हले, मग म्हणाले,
"बरं वाटलं रे."

मेहरुननं दोनच्या सहीवर काट मारली,
खाली लिहिलं –
दोन चाळीस. वळवलं. दोघांनी.
पेन थोडं थांबलं तिचं.
"आता बोलतील मला," म्हणाली,
आणि पुढच्या कॉटकडं गेली.

सकाळी कठड्याचा स्क्रू
चमच्याच्या दांड्यानं आवळला मी.
वाजवून बघितला.
अजून बद्दच.