तोंड उघडं

टोपली घ्या डोक्यावर, म्हणाला कॅमेरावाला.
मी चोपड्याच्या ग्रंथालयात कारकून,
टोपली शेजारच्या केळीवालीकडून मागून आणली.
सगळे पुण्याचेच झालेत हो,
एखादा वेगळा चेहरा हवा, असं दिग्दर्शिका म्हणाली.
चांगली होती बिचारी, चहाचे पैसे तिनेच दिले.

पाऊण तास बोलले मी.
सांगितलं, सोनगिरे सरांना सातपुड्यातली झाडं
माझ्या बापानं दाखवली, अडावदच्या सायबू तडवीनं:
अंजन कोणता, धावडा कोणता,
अस्वल मोहाखाली कधी येतं.
सांगितलं, बाप भांडायचाही त्यांच्याशी,
कादंबरीत मला मुका का केला म्हणून.
सर म्हणायचे, सायबू, मुकाच शोभतो तिथं.
घरी येऊन बाप रात्रभर बडबडायचा.

काल हॉलमध्ये दाखवला माहितीपट.
नऊ जण बोलले, त्यातले दोघं तर एकच वाक्य.
मग मी आले:
टोपली, केळीची पानं, बासरी.
खाली अक्षरं, 'एक आदिवासी वाचक'.
ओठ हलत होते माझे, आवाज बासरीचा.
मुनाफ कानाशी म्हणाला, छान दिसलीस गं आपा.

शेवटी एक जुना फोटो आला.
सर दगडावर, मांडीवर वही,
कडेला अर्धा कापला गेलेला बाप,
हात लांब केलेला, तोंड उघडं.
म्हणत असेल,
ती नाही हो सर,
तिच्यामागची टेकडी.