छत्तीस मिस्ड कॉल

बाप भद्रावती पेठेत, आमच्या गच्चीवर.
मी साखर पेठेत, नरहरी मामाच्या गच्चीवर.
मध्ये लूम, लूम, एक मशीद, पुन्हा लूम
आणि एप्रिलचं ऊन,
साडेनऊलाच चाळिशीकडे निघालेलं.

माझ्या हातात मीटर. त्याच्याकडे
सात दांड्यांची यागी, ॲल्युमिनियमची,
आणि माझ्याच कंपासपेटीतला कोनमापक.
तो दहा अंश फिरवायचा, मिस्ड कॉल द्यायचा,
मी आकडा लिहायचा.
उचलू नको बे, म्हणालेला, रुपया जातो.

शून्याला सुई वर टेकली.
दहाला जवळपास तिथेच. वीसला जरा सैल.
तीसच्या आसपास तीन डेसिबल उतरली,
म्हणजे अर्धी ताकद.
तीन म्हणजे अर्धं, हे त्याने मला
पाढ्यासारखं घोकून घेतलेलं.

नव्वदला सुई झोपली.
मला वाटलं, वायर निघाली.
मी केबल दाबली, पिळली, मीटरला चापट मारली.
वायर शाबूत होती.
त्या बाजूला ती बोलतच नव्हती.

एकशेचाळीसला मात्र उगाच उठली.
रात्री वही बघून तो म्हणाला,
हा अँटेनाचा आकडा नाही,
ही चिलवेरीची पाण्याची टाकी आहे. लोखंडाची.
मग खोडू?
खोडू नको. बाजूला टाकी लिही.

चादरीची नक्षी काढायच्या चौकटीच्या कागदावर
त्याने वर्तुळ आखलं, छत्तीस ठिपके दिले, जोडले.
पुढे लांबट फुगीर आकार,
दोन्ही कुशी चिमटलेल्या,
मागे शेपटीएवढं काहीतरी.
आई विड्या वळत होती. वाकून बघितलं,
म्हणाली, तेंदूचं पान असं कापलं
तर कारखानदार माल परत करेल.

मी विचारलं, म्हणजे ही ताकद वाढवते?
नाही बे. वॅट पाचच.
कुशीतलं काढून पुढे देते, एवढंच.
मग वाढली हे कशावरून?
एक अँटेना असते, तो म्हणाला,
सगळीकडे सारखीच बोलते. वर, खाली, पाठीमागेसुद्धा.
तिच्याशी लावून बघायचं.
कुठे मिळते ती?
कुठेच नाही. बनतच नाही.
आईने विडीला दोरा गुंडाळत म्हटलं,
माझ्या सासूकडे होती अशी एक सून.
माझं माप तिच्याशीच घ्यायची.

बाप हसला नाही. त्याला ऐकूच गेलं नव्हतं.
आई डाव्या बाजूला बसलेली.

बावीस वर्षं लूमवर,
डावा कान केव्हाच खटखटीत गेलेला.
आम्ही कधी मोजलं नाही, पण माहीत होतं सगळ्यांना:
जेवताना त्याच्या उजवीकडे बसायचं,
पैसे मागायचे तर समोरून,
मागून डाव्या अंगाने हाक मारली
तर ती सरळ अक्कलकोट रोडला जाते.
जशी बोलते तशीच ऐकते,
असं तो अँटेनाबद्दल सांगायचा.
त्याचं स्वतःचं तसं नव्हतं.
बोलायचा तो चारी बाजूंना, आणि मोठ्याने.

गेल्या वर्षी सात रस्त्याजवळ कानाच्या दवाखान्यात नेला.
काचेच्या पेटीत बसवलं, कानाला डबडी लावली,
शिट्ट्या वाजवल्या, कागद छापून आला,
दोन रेघा, एक बरी, एक खाली कोसळलेली.
त्याने कागद उजेडात धरला, उलटा करून बघितला.
म्हणाला, यात दिशा कुठे आहे?
फिरवलंच नाही की मला.

डॉक्टरीणबाईंना वाटलं, चक्कर येतेय.

तो फिरत्या स्टुलावर बसला,
उजवीकडे दहा अंश सरकला. बोल, म्हणाला.
काय बोलणार? मी म्हणालो, शेंगाचटणी.
ऐकू आलं. पुढे.
वीस. मी म्हणालो, चिलवेरीची टाकी.
हसला.
साठला त्याने दोनदा विचारलं.
ऐंशीला नुसती मान हलवली,
खरी की खोटी, मला कळलं नाही.

नव्वदला मी जे म्हणालो
ते त्याला अजून माहीत नाही.